बियाण्याची उसळ

एका कॅन्सरच्या पेशंटचं जपून ठेवलेलं बियाणं मी उसळ करून खाल्लं. ओलं खोबरं घालून, वरून कोथिंबीर भुरभुरून. इतकी छान झाली होती की दुसऱ्या दिवशी डब्यातून दवाखान्यात नेली आणि मैत्रिणींनाही वाढली. आता नातवंडांना हे सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात आणि मीही हसते. तेव्हा मात्र मी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतली मुख्य सिस्टर होते आणि माणसाच्या मनातलं ओळखावं ते मीच, अशी माझी पक्की समजूत होती.

समजूत पुण्याहून आणलेली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचा दवाखाना नारायणगावहून मंचरकडे जाताना हायवेला लागून, लहानसा. पुण्यात ऑपरेशन झालेले कॅन्सरचे पेशंट केमोचे उरलेले डोस आमच्याकडे घ्यायचे, तेवढ्याच पुण्याच्या खेपा वाचायच्या. दर गुरुवारी पुण्याचे डॉक्टर यायचे, कागद बघायचे, आणि मग आम्ही सलाईनमधून औषध सोडायचो. अशा पेशंटांचं मनही खचतं, ते वेळेवर ओळखलं पाहिजे, म्हणून मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. शिकवणाऱ्यांनी चांगलंच शिकवलं असणार. मी उचललं एवढंच, की रडतो तो खचलेला आणि हसतो तो ठीक. आणि एक प्रश्न उचलला. तो मान जराशी कलती करून, आवाज मऊ करून विचारायचा असतो.

"तुम्हाला उदास वाटतं का?"

"न्हाई बा," एका आजोबांनी सांगितलं. "गरम व्हतंय. पंखा वाढवा."

एका बाईला विचारलं तर तिच्या नवऱ्यानं उत्तर दिलं, "तिला काय नाय वाटत." झालं! मी पुढच्या कॉटकडे.

माझ्या हिशेबी त्या खोलीत खचलेला माणूस एकच होता, जुन्नरच्या बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार. त्यांचे आजोबा कधीकाळी राजस्थानातून आलेले, हे मात्र आमच्यापेक्षा अस्सल जुन्नरी बोलायचे. सुई हातापासून वीतभर लांब असतानाच ते ओरडायचे, "अहो सिस्टर, मेलो!" डोळ्यांना धारा. मी त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसायचे, पाठीवर हात ठेवायचे, आणि समोरच्या कॉटकडे बोट दाखवून सांगायचे, "त्या मावशींकडे बघा जरा. शिका काहीतरी."

त्या मावशी म्हणजे माझा आवडता पेशंट. भीमाशंकरच्या वाटेवर एका आडबाजूच्या गावाहून सुनेबरोबर यायच्या. छातीचं ऑपरेशन झालेलं. लाल औषधाचा डोस चढत असतानाही कण्हल्या नाहीत की कुरकुरल्या नाहीत. काही विचारलं की, "बरं हाय, बाई." केस गेले तेव्हा पदर थोडा पुढे ओढला, एवढाच फरक. मी डॉक्टरांना सांगायचे, असा एक पेशंट असला की सगळ्या खोलीला धीर येतो.

त्या उन्हाळ्यात एका गुरुवारी त्या एक फडकं घेऊन आल्या. फडक्यात पुरचुंड्या.

"काय आणलंय मावशी?"

"घरचं बी हाय ओ. परसात लावा. समद्यांना थोडं थोडं." सलाईन सुरू व्हायच्या आधी त्यांनी वाटप केलं. डॉक्टरांना दोडका. डॉक्टरांनी गोंधळून पुरचुंडी ॲप्रनच्या खिशात टाकली. दुकानदारांना भोपळा.

"मावशी, मी दिवसभर गल्ल्यावर. भोपळा लावू कुठं, तराजूवर?"

"पत्र्यावर चढवा की. दुकानाला सावली व्हईल."

सगळी खोली हसली. मग मोठी पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "ह्यो घेवडा तुमाला. माज्या सासूच्या सासूपास्नं चालत आल्याला. आता गाडगी समदी मोकळी केली, सवच्छ धुऊन पालथी घातली."

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, किती ही स्वच्छतेची आवड! रिपोर्टमध्ये लिहिलं, "मनःस्थिती उत्तम." दुकानदारांना पुन्हा एकदा म्हटलं, "बघा, शिका." ते डोळे पुसत म्हणाले, "शिकतो हो. आधी सुई हळू टोचा."

घरी येऊन पुरचुंडी सोडली. तपकिरी, टपोरे दाणे, प्रत्येकाच्या कडेला पांढरी रेघ आणि अंगभर राख. मी नाक मुरडून चार पाण्यांनी राख धुतली. डिंगोरे गावच्या शेतकऱ्याची लेक मी! माझी आई अशीच राख चोळून बियाणं ठेवायची, कीड लागू नये म्हणून. पण क्वार्टरच्या मागे फरशी, अंगात नोकरीचा ताठा, आणि पुढ्यात एवढा देखणा घेवडा. भिजत घातला, मोड आणले, फोडणीला टाकला.

सासूबाई घोडेगावला लेकीकडे गेल्या होत्या, त्या नेमक्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतल्या. उरलेली दोन वाट्या उसळ खाल्ली, बोटं चाटली, आणि मग विचारलं.

"असला गोड घेवडा कुठनं आणलास गं? बाजारात न्हाई मिळत ह्यो."

"पेशंटनं दिला. बियाणं म्हणून दिला होता, पण म्हटलं—"

"बी व्हतं? आन मला खायाला घातलंस?"

"आत्याबाई, तुम्हीच दुसरी वाटी मागितली."

"मला काय ठावं तू बी रांधलंस! येडी का खुळी तू?" मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "असू दे. मूठभर दिलं असंल तिनं. बाकीचं तिच्यापाशी असंलच."

"नाही हो, सगळंच वाटलं. डॉक्टरांना दोडका, शेटजींना भोपळा. म्हणाली, गाडगी धुऊन पालथी घातली."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "गाडगी धुतली म्हनली?"

आमच्याकडे बायका बियाणं हात सैल सोडून देतात. लेकीला, शेजारणीला, वाटेवरच्या अनोळखी बाईलासुद्धा. पण गाडग्याच्या बुडाशी मूठभर ठेवूनच देतात. पुढच्या पेरणीला आपण आहोत असं धरून चालणारी बाई बियाण्याचं गाडगं धूत नाही. हे मला माहेरापासून माहीत होतं. पुण्याला जाऊन आल्यावर तेवढं नेमकं विसरले होते.

तरी मी स्वतःची समजूत घातली, की पुढच्या डोसाला येतीलच, तेव्हा विचारू. छान छान वाक्यंही जुळवून ठेवली. डोसाचा गुरुवार आला, मावशी आल्या नाहीत. कॉट रिकामी. दुकानदार म्हणाले, "सिस्टर, आज शिकायचं कुणाकडून?" आणि मला त्या खोलीत उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, उरलेले डोस चुकले तर एवढं मोठं ऑपरेशन करून घेतल्याचा उपयोग काय? दुखणं उलटलं तर हातात काही राहणार नाही. आठवडा इकडेतिकडे चालेल, फार नको.

मी एकटीच जाणार होते. सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. "म्या बी येती. खाल्लंय म्या बी."

एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. मावशींचं घर इतकं आवरलेलं होतं की मला कसंतरीच झालं. गोधड्यांच्या घड्या, घासलेली भांडी, आणि ओट्यावर खरंच पालथी घातलेली गाडगी. सून कौतुकानं म्हणाली, "सासूबाई लई निवांत हायेत आता. डोस नगं म्हनल्या. आमी बी म्हनलं, कशाला तरास द्यायचा त्यांला."

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसले, मान कलती केली, आवाज मऊ केला. "मावशी, तुमच्या मनात जे काही असेल ते माझ्याशी मोकळेपणानं बोला."

"काय न्हाई ओ बाई. बरं हाय." सुनेकडे वळून, "च्या ठेव गं."

मी दुसरं वाक्य आठवत होते, तेवढ्यात माझ्या सासूबाई बोलल्या. "मरायला निघालीस का काय गं तू?"

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मावशी मात्र नुसत्या हसल्या. "वय झालं की आता, आक्का. लई बघितलं, लई खाल्लं." आणि विषय बदलायला म्हणून मला विचारलं, "बाई, घेवडा लावायची तयारी केली का? मांडव उंच करा. वेल लई जातो त्याचा."

'करतेय हो' एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, मी त्याची उसळ केली."

"कशाची?"

"घेवड्याची. तुमच्या."

मावशींना कळायला जरा वेळ लागला. मग ती 'बरं हाय' म्हणणारी बाई शेजारची काठी धरून ताडकन उभी राहिली. "उसळ? माज्या सासूचं बी! तिला तिच्या सासूनं दिल्यालं! म्या काय खायाला दिलं व्हतं? अगं तू शिस्टर हाईस का उंदीर हाईस?"

"म्या बी खाल्लं," सासूबाई म्हणाल्या. "दोन वाट्या. ग्वाड व्हता."

"तुमी गप बसा!" मावशींनी त्यांनाही सोडलं नाही. आणि रागानं माझ्यावर हात उगारायला गेल्या. उजवा हात काठीला टेकलेला, म्हणून उगारला तो डावा, ऑपरेशनच्या बाजूचा. तो कमरेच्या जरा वर आला आणि तिथेच थांबला. त्यांचा चेहरा वेदनेनं पिळवटला. मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मोठ्यानं, लहान मुलीसारख्या.

तो हात मी तोवर पाहिलाच नव्हता. ऑपरेशनच्या बाजूला सुई टोचायची नाही, बीपीसुद्धा बघायचा नाही, हा आमचा नियम. म्हणून मी कायम त्यांच्या उजव्या बाजूला. डावा हात सदा पदराखाली. नियम मी तंतोतंत पाळला, आणि त्या बाईचं अर्धं अंग माझ्या नजरेतून सुटलं.

"ह्यो हात वर जात न्हाई," त्या रडत सांगत होत्या. "पानी शेंदता येत न्हाई, भाकरी थापता येत न्हाई. लुगडं सुदीक सून नेसवती. मांडवाला येल बांधायचा तर हात वर नगं का जायला? मंग बी ठेवून करायचं काय? डोस घ्यायचा, ओकायचं, आन ह्या पोरीनं काढायचं. कशापायी?"

"हात हलवला होता का तुम्ही, मावशी? ऑपरेशन झाल्यावर?"

"हलवला तर टाकं उसवतील की."

"कुणी सांगितलं असं?"

"कुनी न्हाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पर हलव असं तरी कुनी सांगितलं?"

व्यायामाच्या चित्रांचा कागद मी पहिल्याच दिवशी सुनेच्या हातात दिला होता. दिला, म्हणजे माझं काम झालं. सून चुलीपासून म्हणाली, "मला बी वाटायचं, त्यांनी हात हलवू नये. म्या तांब्यासुदीक उचलू दिला न्हाई." ती पोर जीव लावून सेवा करत होती, आणि त्या सेवेनंच सासूचा हात आणखी आखडत गेला होता. दोघींपैकी कुणाला बोल लावणार?

मी जुळवून आणलेली वाक्यं सोडून दिली. मावशींना भिंतीपाशी उभं केलं आणि त्यांची डाव्या हाताची बोटं भिंतीला टेकवली. "आता मुंगी चढते तशी बोटं वर न्यायची. दुखेल. उसवणार नाही." बोटं थरथरत चढली, खांद्याच्या बरीच खाली थांबली. चुलीतला कोळसा घेऊन मी तिथे रेघ मारली. "उद्या हिच्या जरा वर जायचं."

मावशींनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राग गेलेला नव्हता. "त्ये बघू मंग. आदी माजं बी परत आना."

"आणते. पण डोसाला या."

"आदी बी."

मग मी वसुलीला निघाले. डॉक्टरांचा ॲप्रन, स्वच्छतेवर आम्हाला व्याख्यानं देणाऱ्या डॉक्टरांचा ॲप्रन, दवाखान्यातच खुंटीला होता आणि सुदैवानं तेव्हापासून धुतलाच नव्हता. दोडका खिशात जसाच्या तसा. दुकानदारांनी भोपळ्याचं बी गल्ल्यात ठेवलं होतं. "गिऱ्हाईक मागत होतं, पण मावशींचं म्हणून विकलं नाही. व्यापारी माणूस आहे सिस्टर, हातातलं कधी परत देत नाही. घ्या." घेवडा मात्र आमच्या पोटात गेलेला. त्याचा तपास मावशींनीच काढला. आळेफाट्याच्या पलीकडे दिलेल्या लेकीला लग्नात मूठभर दिला होता, तिच्या बांधाला तो अजून होत असणार, असं त्यांना रागारागात आठवलं. लेकीला निरोप गेला. लेक गाडगंच घेऊन आली.

पुढच्या गुरुवारी मावशी आल्या. तोंड फुगवलेलं. मला बघून मान फिरवली. सुई टोचताना पहिल्यांदाच म्हणाल्या, "हळू की! जीव हाय आत." औषध कडू लागतंय, पंखा आवाज करतोय, टीव्हीवर हिंदीत काय चाललंय ते समजत नाही, तक्रारीच तक्रारी. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "पेशंट चिडलेली. प्रगती चांगली." डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर," दुकानदार कुजबुजले, "मावशी आता माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडतात हो."

त्यानंतर मी तो मान कलती करण्याचा प्रकार बंद केला. उदास वाटतं का, हे विचारायचंच नाही. विचारायचं, "दुखणं आल्यापासून घरातलं कुठलं काम सुटलं?" माणसं बोलायला लागली. 'काय नाय वाटत' असं जिच्यासाठी नवरा बोलला होता, ती बाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली, तिला नातवाला मांडीवर घेऊ देत नाहीत, का ते कुणी सांगत नाही. आम्ही सांगितलं, नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं, की खुशाल घेऊ द्या.

दुकानदारांनाही विचारलं. वाटलं, आता पाऊण तास रडगाणं. पण ते रडले नाहीत. हळूच म्हणाले, "गूळ तोडायचं काम सुटलं. गिऱ्हाईक माझ्या हातचा गूळ घेत नाही सिस्टर. मुलाला हाक मारतात." इतके दिवस मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते तो सुईसाठी! जुन्नरच्या बाजाराच्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन त्यांच्या दुकानात गेले. सासूबाईंनी सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शेटजी, तुमच्याच हातचा द्या. ह्यो रोग लागत न्हाई. लागला असता तर आदी आमच्या सूनबाईला लागला असता, समद्यांच्या कामात नाक खुपसती ती." गुळाचा खडा तिथेच तोंडात टाकला. दोन बाया पुढे सरकल्या. बाकीच्या मागेच राहिल्या, पण दोन सरकल्या.

सगळे पेशंट वाचले, असं सांगणार नाही. ते पंख्याचे आजोबा पुढे आले नाहीत. प्रश्न बदलला म्हणून दुखणं बदलत नाही. पण जाईपर्यंत ते मला पंखा कुठे लावावा यावर सूचना देत होते, आणि मी त्या ऐकत होते.

मावशींचा शेवटचा डोस पाऊसकाळात आला. आल्या आल्या त्यांनी हातातली पिशवी खिडकीवरच्या खिळ्याला अडकवली. डाव्या हातानं. मी बघतेय हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून पिशवी उगाच दोनदा काढून नीट लावली. मी सलाईनची बाटली शोधायला वळले, कौतुक केलं असतं तर पुन्हा उंदीर झाले असते.

त्या दिवशी दाराजवळच्या कॉटवर एक नवीन तरुण बाई आली होती. थर्मास भरून चहा आणलेला. येईल त्याला कप भरून देत होती, खळखळून हसत होती. मी मावशींची सलाईनची बाटली टांगत होते. माझी अक्कल बघा, एवढं सगळं होऊनही मी कौतुकानं म्हटलं, "किती हसतमुख आहे नाही हो ही नवीन मुलगी? अगदी काळजी नाही हिची."

मावशींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "बाई, माजी सुई ऱ्हाऊ द्या जरा. सकाळधरनं ती समद्यांना च्या पाजतीया, सवता घोटबी घेतला न्हाई. जावा तिच्याकडं, आन इचारा तिला, घरी च्या कोन करतं आता."